आपले वाटाडे

शहाणीला घरात शहाणी म्हणत ते कौतुकाने नव्हे. लहानपणी कुणी पाणी सांडलं म्हटलं की ही विचारायची, सांडलं की सांडवलं? तेव्हा थोरल्या भावाने टपलीबरोबर दिलेलं हे नाव. पुढे ती दोन परक्या भाषा शिकली, बंदराच्या कचेरीत भाषांतराच्या कामाला लागली, चाळिशी उलटली, चष्म्याचा नंबर वाढत गेला, पण नाव काही उतरलं नाही. वहिनी तेवढी मानाने "वन्सं" म्हणायची. कचेरीत ती नुसती "बाई" होती.

दादा त्याच बंदरात वाटाड्या होता. खाडीचं तोंड दिसायला ऐसपैस, पण पाण्याखाली वाळूचा एक दांडा आडवा पसरलेला, आणि तो कुठून कुठवर आहे ते परक्या कप्तानाला ठाऊक नसायचं. म्हणून जहाज बाहेर येऊन थांबलं की दादा लहान बोटीतून सामोरा जायचा, वर चढायचा, आणि कप्तानाच्या शेजारी उभं राहून जहाज आत आणून धक्क्याला लावून द्यायचा. कागदोपत्री या कामाला पायलट म्हणत. पण पायलट म्हटलं की लोक विमानाचं विचारत, म्हणून बोलताना सगळे वाटाडेच म्हणत. असे चार वाटाडे होते आणि दादा त्यांतला सर्वांत जुना. त्याला दुसरं काही येत नव्हतं. भिंतीत खिळा ठोकायचा तरी वहिनी हातोडी त्याच्या हातातून काढून घ्यायची. एवढी मोठी जहाजं लावतो, ती म्हणायची, आणि रोज दाराची कडी लावायला विसरतो.

ज्या देशाची जहाजं हल्ली सर्वांत जास्त येत, त्याचं नाव कचेरीत कुणी घेत नसे. "थोरले" म्हणत. एकत्र कुटुंबात थोरल्या काकांचं नाव घेत नाहीत, तसंच. पूर्वी दुसरे एक थोरले होते. ते थकले. त्यांची जहाजं कमी झाली, पत्रांना उत्तरं उशिरा येऊ लागली, आणि आली तरी त्यांत उपदेश जास्त असायचा. मग हे नवे आले. हे चढत्या वयाचे. त्यांनी उपदेश केला नाही. आधी गाळ काढायचं जहाज पाठवलं, मग शहरात निळ्या बस आल्या, मग टेकडीखाली दवाखाना उभा राहिला, आणि मग हुशार मुलांना शिकायला तिकडे न्यायला सुरुवात झाली. दादाची एकुलती एक मुलगी, शहाणीची भाची, अशीच निवडली जाऊन गेली. वहिनी विमानतळावर रडली, आणि घरी आल्यावर डोळे पुसून आधी शेजारणीकडे सांगायला गेली.

थोरल्यांनी बदल्यात काही मागितलं नाही. फक्त एकदा, जगातल्या सगळ्या देशांची सभा भरली होती तेव्हा, कुठल्याशा बेटाबद्दल मत द्यायचं होतं. ते बेट थोरल्यांनी घेतलं होतं आणि बेटावरच्या लोकांना थोरले नको होते. आदल्या दिवशी राजधानीत एक फोन आला म्हणे. आपल्या प्रतिनिधीने थोरल्यांच्या बाजूने हात वर केला. रेडिओवर बातमी लागली तेव्हा घरात जेवणं चालली होती. वहिनी म्हणाली, आपल्या बापाचं काय जातंय. दादा म्हणाला, तेही खरंच. शहाणीने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

मग थोरल्यांकडून एक सल्लागार बंदराच्या कचेरीत येऊन बसला. सडपातळ, नीट भांग पाडलेला, कुणाशीही आवाज न चढवणारा माणूस. सगळे त्याला पाहुणा म्हणू लागले. त्याला इथली भाषा शिकायची होती. दुसऱ्या कुठल्या परक्याने आजवर असं काही मागितलं नव्हतं, त्यामुळे बंदराचे साहेब भारावून गेले आणि शिकवायचं काम शहाणीच्या गळ्यात पडलं. रोज जेवणाच्या सुट्टीनंतर ती त्याला शिकवायची. तो चांगला विद्यार्थी होता. चुकला की लाजायचा नाही, चूक कुठे झाली ते विचारायचा.

एकदा चहा आला. पाहुणा उठला आणि सगळ्यांना उद्देशून प्रेमाने म्हणाला, "चला, आम्ही चहा घेऊ."

कारकून म्हणाला, "घ्या की. आम्ही बघत बसतो."

सगळे हसले. पाहुणाही हसला आणि मग शहाणीला विचारू लागला की लोक का हसले. तिने सांगितलं, आम्ही म्हणजे मी आणि माझी माणसं. समोरचा त्यात नाही. आपण म्हणजे मी, माझी माणसं आणि समोरचाही. चहाला बोलवायचं असेल तर आपण म्हणायचं. पाहुणा कप हातात धरून तसाच उभा राहिला. त्यांच्या भाषेत दोन्हीला मिळून एकच शब्द होता, आणि दोन असू शकतात हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"मग ऐकणाऱ्याला कसं कळतं," तिने विचारलं, "की तो आत आहे का बाहेर?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "नंतर कळतं," तो म्हणाला.

तिने त्याला हेही सांगितलं की समोरच्याला मान द्यायचा असेल तर तुमचं न म्हणता आपलं म्हणतात. आपलं घर कुठे, आपली तब्येत कशी. म्हणजे एकाच शब्दात तुमचं, माझं आणि दोघांचं, पाहुणा म्हणाला. फार मोठ्या मनाची भाषा आहे. त्या दिवसापासून त्याने आम्ही हा शब्द टाकला तो टाकलाच. आपला धक्का, आपली क्रेन, आपल्या खिडकीची काच फुटली आहे. लोकांना ते फार आवडलं. जुन्या थोरल्यांची माणसं जन्मभर इथे राहून दोन शिव्या आणि "जल्दी" एवढंच शिकली होती. फक्त कारकून म्हणाला की हा एक दिवस माझ्या घरी येऊन आपली बायको म्हणाला नाही म्हणजे मिळवलं.

वर्ष उलटलं आणि करार आला. थोरले बंदर खोल करणार, नवा धक्का बांधणार, मोठी जहाजं आणणार. जाडजूड मसुदा होता, थोरल्यांच्या भाषेत. तो इथल्या भाषेत आणायचं काम शहाणीचं. तिला मागच्या बाजूची खोली दिली, पंखा दिला, आणि दार लावून घ्यायला सांगितलं. ती सावकाश काम करायची. एक वाक्य झालं की ते उलट त्यांच्या भाषेत नेऊन बघायची. पुन्हा तेच वाक्य मिळालं तरच पुढे जायची. वजनाच्या काट्याची दोन्ही पारडी अदलाबदल करून पाहावीत, तशी ही तिची सवय होती.

जहाजांच्या कलमाशी ती अडली. खाडीत येणारी जहाजं आमचे वाटाडे धक्क्याला लावतील, असं ते होतं. किंवा मग, आपले वाटाडे लावतील. मूळ शब्द तो एकच. उलट नेलं तर दोन्ही वाक्यं तिथेच येऊन मिळत होती. पारडी अदलाबदल करून काही उपयोग नव्हता.

आमचे म्हणजे त्यांचे. मग दादाचं आणि बाकी तिघांचं काम गेलं. आपले म्हणजे सगळ्यांचे, किंवा साहेबांनी वाचलं तर मानाने तुमचे. मग दादा आहे तिथे राहिला. सगळं तो एक शब्द कुठल्या कुशीवर वळतो त्यावर होतं. ती उठली आणि पाहुण्याकडे गेली. त्याच्यासमोर मूळ वाक्य धरलं आणि विचारलं की इथे आमचे की आपले?

पाहुणा हसला. "बाई, तुम्हीच तर शिकवलंत. आपले."

तरी ती साहेबांकडे गेली. साहेब सहीच्या समारंभाला कोणकोण येणार त्या विवंचनेत होते. मंत्री येणार होते आणि मंत्र्यांच्या पाठीला कडक खुर्ची चालत नव्हती. तिने सांगितलं, शब्द दोन्हीकडे झुकतो, तेव्हा इथे आपण "दोन्ही बाजूंचे वाटाडे" असं स्पष्ट लिहून घ्यावं. साहेबांनी विचारलं, मुळात "दोन्ही बाजूंचे" असं आहे का? नाही, ती म्हणाली. मग तुम्हीच ना नेहमी सांगता, की भाषांतरात पदरचं घालायचं नाही? ते म्हणाले. ती नेहमी तसंच सांगायची.

"पाहुणा काय म्हणाला?"

"आपले म्हणाला."

"मग झालं तर. आपले म्हणजे आपले. तुम्ही बायका तांदूळ निवडायला बसलात की खडा सापडेपर्यंत उठत नाही."

त्या दिवशी घरी तिने दादाला सहज विचारलं, आपले वाटाडे म्हटलं तर तुझ्या डोळ्यांसमोर कोण येतं? दादा पायातले बूट काढत होता. म्हणाला, मी, बुटक्या, आणि ते दोघे चुलतभाऊ. अजून कोण असणार? शहाणे, तुला बरं नाही का?

तिने आपले लिहिलं. शेवटच्या पानावर एक ओळ होती, की दोन भाषांतल्या मजकुरात फरक पडला तर थोरल्यांच्या भाषेतला मजकूर धरायचा. तीही तिने बिनचूक लिहिली.

सही झाली, फोटो निघाले, मंत्र्यांना मऊ खुर्ची मिळाली. पाहुण्याने इथल्या भाषेत लहानसं भाषण केलं आणि आपलं बंदर म्हणाला तेव्हा मागच्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या. वाटाड्यांनाही बोलावलं होतं. दादाने लग्नातला कोट घातला होता. बटण लागत नव्हतं म्हणून तो सगळा वेळ पोट आत ओढून बसला होता.

पावसाळा सरला तेव्हा निळ्या बसमधून नवी माणसं उतरली. सगळ्यांच्या हातात एकसारख्या बॅगा, सगळे तरुण, सगळे नम्र. साहेबांनी चौघा वाटाड्यांना बोलावून सांगितलं की कलमाप्रमाणे थोरल्यांचे वाटाडे रुजू झाले आहेत. बुटक्या म्हणाला, कलमात तर आपले वाटाडे असं लिहिलंय, आम्हाला वाचून दाखवलं होतं. साहेब म्हणाले, तिकडच्या भाषेतलं कलम धरायचं असतं, आणि तिकडच्या भाषेत ते त्यांचे आहेत. मग त्यांनी शहाणीकडे पाहिलं. चौघांनीही पाहिलं. ती म्हणाली, "तिकडच्या भाषेत तसंही होतं." तिचा आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं तिलाच जरा नवल वाटलं.

नंतर ती पाहुण्याच्या टेबलाशी गेली.

"तुम्ही आपले म्हणाला होतात."

"हो," पाहुणा म्हणाला. "आपलेच आहेत. फार चांगली मुलं आहेत. तुम्ही भेटा त्यांना."

"आणि इथले वाटाडे?"

"तेही आपलेच ना, बाई. ते यांना शिकवतील."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. भांडं थोडा वेळ स्थिर ठेवून तळाशी काही साका बसतो का ते पाहावं, तसं. काही बसलं नाही. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या आपणमध्ये खरोखरच सगळे होते. फक्त कोणी कुठे उभं राहायचं ते तो ठरवणार होता. "बसा ना," तो म्हणाला, "आपण चहा घेऊ." ती बसली. चहा घेतला. कप विसळून ठेवला.

त्याच आठवड्यात तिची दाढ काढावी लागली. थोरल्यांच्या दवाखान्यात ते फुकट होतं. डॉक्टरने सुई दिली, गाल जड झाला, आणि पुढे काय चाललंय ते तिला फक्त आवाजावरून कळत राहिलं. संध्याकाळी सुईचा अंमल उतरला. हे दुसरं बधिरपण मात्र उतरलं नाही. ती कामावर जायची, यायची, जेवायची, वहिनीला कपडे वाळत घालू लागायची. रागावायला पाहिजे हे तिला समजत होतं. राग कुठे ठेवला होता तेच आठवत नव्हतं.

दादाने आरडाओरडा केला नाही. ऐकलं, मान हलवली, आणि वहिनीकडे मीठ मागितलं. वहिनीच बडबडली. ती शहाणीला काही म्हणाली नाही, भांड्यांना म्हणाली. गोड बोलून दारात आला आणि माजघरात पसरला. एवढी शिकलेली माणसं घरात असून एक शब्द धड निवडता आला नाही. हे शेवटचं तिने पातेल्याला ऐकवलं. शहाणीने पातेलं तिच्या हातातून घेतलं आणि पुसून फळीवर ठेवलं.

बाकीचे वाटाडे बंदराच्या फाटकाशी धरणं धरून बसायचं म्हणत होते. बुटक्या बोलवायला आला. दादा म्हणाला, मी नाही येत. बुटक्याने दाराच्या चौकटीला टेकून घराकडे, दादाकडे आणि भिंतीवरच्या भाचीच्या फोटोकडे पाहिलं, आणि म्हणाला, बरोबर आहे, लेक त्यांच्या पंगतीला बसली की बापाने पत्रावळ कशी उलटायची. बुटक्या गेला आणि जरा वेळाने परत आला, कारण तोही काही वाईट माणूस नव्हता. उंबऱ्यातच उभं राहून त्याने हळू आवाजात दुसरी गोष्ट सांगितली.

त्यांना शिकव, तो म्हणाला. सगळं शिकव. फक्त शेपूट पोटात ठेव.

शेपूट म्हणजे दांड्याचं टोक. दक्षिणेचा वारा काही दिवस सलग वाहिला की वाळूच्या दांड्याचं टोक वळायचं आणि एरवी ज्या तरंगत्या बोयाजवळून जहाज बिनधोक जातं तिथेच पाणी उथळ व्हायचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. चौघा वाटाड्यांना ठाऊक होतं, आणि त्यांच्यामुळे शहाणीला. बुटक्याचं म्हणणं सरळ होतं. एकदा त्यांचं जहाज वाळूत बसू दे. मग येतील हात जोडत, वाटाडे तुमचेच ठेवा म्हणत.

दादाने विचार केला आणि होकाराची मान हलवली. शहाणी तिथेच बसून शेंगा सोलत होती. तिला कुणी काही विचारलं नाही, पण दोघांनी तिच्याकडे पाहिलं, कारण दादा नव्या पोरांना जे काही शिकवणार ते तिच्याच तोंडून जाणार होतं. साहेबांनी तसा हुकूम काढला होता. तिनेही मान डोलावली.

रविवारी भाचीचा फोन आला. पडद्यावर तिचे गाल भरलेले दिसत होते. वहिनीने स्वेटर घातलास का विचारलं, दादाने जेवण कसं आहे विचारलं. भाची हसून म्हणाली, "काही विचारू नका, आमच्याकडे कालपासून नुसता बर्फ पडतोय." दादाने किती पडला ते विचारलं. तिने हाताने दाखवलं. वहिनीने तोंडावर हात नेला. त्या दोघांनी बर्फ ऐकला. आमच्याकडे हा शब्द शहाणीने ऐकला.

शिकवणी सुरू झाली. दादा आणि शहाणी लहान बोटीतून जात, जहाजावर चढत, आणि सुकाणूच्या खोलीत नव्या वाटाड्याच्या दोन बाजूंना उभे राहत. दादा बोलायचा, ती सांगायची. तिला आजवर भावाचं काम घरातल्या गप्पांतून माहीत होतं. आता ते वाक्यावाक्याने तिच्या तोंडून पलीकडे चाललं होतं. इथे वेग उतरव. ती पांढरी भिंत आणि पाण्याची टाकी एका रेषेत आली की थांब. ओहोटीला इथे पाणी डावीकडे ओढतं, ते हाताला कळतं, घड्याळाला कळत नाही. ती प्रत्येक वाक्य उलट नेऊन तपासायची. सगळी बरोबर जात होती. नवे हुशार होते. एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा विचारत नसत. त्यांच्यातल्या एकाला, सर्वांत शांत होता त्याला, दादा मनापासून शिकवू लागला, आणि हे दादाच्याही लक्षात येत नव्हतं. घरी येऊन तो म्हणायचा, पोराचा हात चांगला आहे. मग बूट काढायला वाकायचा.

दक्षिणेचा वारा सुटला. दोन दिवस, तीन दिवस, थांबेना. घराच्या खिडकीवर वाळू आणि मीठ साचलं. बुटक्या रस्त्यात भेटला तर नुसता दादाकडे बघून पुढे जायचा.

वारा पडल्यावर जे पहिलं जहाज आलं ते थोरल्यांचंच, राखाडी, खूप मोठं. सुकाणूच्या खोलीत कप्तान होता, सुकाणूवर एकजण होता, शांत नवा होता, आणि हे दोघे. नव्याच्या हातात काचेची पाटी होती, तिच्यावर खाडीचं रंगीत चित्र. ती सगळ्याच नव्यांकडे असायची. दादा तिच्याकडे कधी बघत नसे. जहाज बोयाच्या दिशेने निघालं. खाली डेकवर काही खलाशी दोर सोडवत उभे होते. एकाने दुसऱ्याची टोपी काढून घेतली आणि दुसरा ती परत मागत होता.

दादा बोलत नव्हता. एरवी इथे तो सारखा बोलायचा. नव्याने एकदा वळून त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिने मान हलवली, सांगण्यासारखं काही नाही अशा अर्थाने. बोया जवळ येत होता. दादा खलाशांकडे बघत होता. तिला वाटलं आपल्याला आता भीती वाटायला हवी. तिने आत चाचपून पाहिलं.

"शहाणे," दादा म्हणाला. "त्याला सांग, आज बोयाजवळून नको. उजवीकडून घे. शेपूट वळलंय."

तिने त्याच्याकडे पाहिलं. नव्याला आणि कप्तानाला ही भाषा येत नव्हती. वाक्य अजून या दोघांतच होतं. "सांगू?" तिने विचारलं.

"माणसं आहेत जहाजावर," दादा म्हणाला. "सांग."

तिने सांगितलं. शेपूट या शब्दाला तिकडे काही नव्हतं, म्हणून वाळूचं टोक म्हणाली, वारा कुठला, किती दिवसांचा, तेही सांगितलं. नव्याने वाकून, आदराने ऐकलं. मग पाटी तिच्यासमोर धरली आणि बोटाने दाखवलं. चित्रात दांड्याचं टोक वळलेलं होतं. बोयाच्या अंगावर येऊन थांबलेलं, पिवळ्या रंगात. तो बोलला ते तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"त्याला माहीत आहे," ती म्हणाली. "आता उजवीकडे घेणारच होता."

"कसं माहीत?"

तिने विचारलं. नव्याने सांगितलं ते तिने दादापर्यंत आणलं. "गेल्या वर्षी बोये बदलले तेव्हा खाली यंत्रं बसवलीत. वाळू हलली की त्यांना तिथल्या तिथे कळतं."

दादाने पाटीकडे पाहिलं, पहिल्यांदाच, डोळे बारीक करून. "बोये बदलायला आलेल्या बोटी मीच नेल्या होत्या," तो म्हणाला. "कुठे पाणी खोल, कुठे उथळ, सगळं दाखवलं होतं."

"हो."

"चांगली माणसं होती."

"हे सांगायचंय का त्याला?"

"नको."

नव्याने सुकाणूवाल्याला हुकूम दिला. जहाजाचं नाक उजवीकडे सरकू लागलं, मऊ, कुठेही न अडखळता, दादाने नेलं असतं तसंच. बोया डाव्या बाजूने दूर गेला. खाली टोपी परत मिळाली होती.

"मग मी इथे कशाला उभा आहे, ते विचार," दादा म्हणाला. रागाने नव्हे, खरंच माहीत करून घ्यायला.

तिने जसंच्या तसं विचारलं. नवा गोंधळला. कान लाल झाले त्याचे. त्याने कप्तानाकडे पाहिलं, मग भिंतीशी असलेली खुर्ची स्वतः उचलून आणली, रुमालाने पुसली, आणि दादाच्या मागे ठेवून काहीतरी बोलला.

"काय म्हणतो?"

"बसा म्हणतो."

दादाने खुर्चीकडे पाहिलं. मग बसला. खुर्ची बुटकी होती आणि समोरची काच उंच; बसल्यावर त्याला खाडी दिसेना, बंदर दिसेना, फक्त वरचं पांढरं आभाळ दिसत होतं. नवा तिकडच्या भाषेत हुकूम देत होता आणि सुकाणूवाला ते पुन्हा म्हणत होता. त्यातलं काही कुणाला सांगायचं नव्हतं. शहाणीने हात बाजूला सोडले. तिचे हात बोलताना हलत असत, हे तिला आत्ता कळलं.

"काय दिसतंय?" दादाने खालून विचारलं.

"धक्का. दोर टाकतायत."

"पुढचा आधी टाकला का?"

"हो."

"मागचा?"

"टाकला."

जहाज एकदा हलकेच टेकलं. खोलीतल्या कुणाचाही तोल गेला नाही.

"नीट लागलं?"

"नीट लागलं," ती म्हणाली.